सिलिकॉन डिटेक्टर आतून किती खराब झालाय हे बाहेर बसून कसं ओळखतात?

घाटकोपरची_फिजिक्सवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. कालिन्याला एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी मॅडमनी विषय दिलाय, सिलिकॉन डिटेक्टरमधलं रेडिएशन डॅमेज आणि त्यावर नजर कशी ठेवतात. निम्मं वाचन, निम्मं हाताने काहीतरी करून दाखवायचं. वाचन बरंच झालंय, पण डोक्यात गुंता वाढलाय. इथे या क्षेत्रातले कुणी असतील तर सोडवायला मदत करा.

१. एलएचसीतले, म्हणजे सर्नच्या कण-टकरींच्या यंत्रातले, डिटेक्टर जमिनीखाली शंभर मीटरवर. बीम चालू असताना आत कुणी जाऊ शकत नाही. मग सिलिकॉन किती खराब झालं हे कशावरून ठरवतात? प्रत्येक पेपरात लीकेज करंटचा (उलट्या बायसमध्ये झिरपणारा करंट) आलेख आहे आणि डिप्लिशन व्होल्टेजचाही (सिलिकॉनची पूर्ण जाडी कामाला लावायला लागणारं व्होल्टेज). दोन्हींतलं खरं कुठलं मानायचं?

२. एका ठिकाणी लिहिलंय की गरम केल्यावर सिलिकॉनमधले दोष भरून येतात, म्हणजे तो बरा होतो. मग वर्षानुवर्षं थंड का ठेवतात? उलट अधूनमधून शेकायला नको का?

३. हाताने करायचं म्हणून लॅमिंग्टन रोडवरून बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड आणलेत. काळ्या डब्यात ठेवून उलटा बायस, म्हणजे उलट्या दिशेने व्होल्टेज, देऊन डार्क करंट (अंधारातला लीकेज करंट) मोजला. सकाळी लॅबमध्ये २६ अंश होते तेव्हा २.१ नॅनोअँपिअर आला. दुपारी एसी बंद, ३२ अंश, तोच डायोड, ३.६. अजून रेडिएशन दिलेलंच नाही आणि करंट दीडपटीच्या वर गेला! माझं मोजमाप चुकतंय की हे असंच असतं?

४. रेडिएशन द्यायचं कुठून? कॉलेजच्या सोर्सवर होईल का?

प्रश्न बाळबोध असतील तर सांभाळून घ्या.

बोरिवली_स्लो

वाचतोय. माझा या विषयाशी संबंध बारावीच्या पीसीएमपुरता, पण एक शंका. खराब होणार हे माहीतच आहे तर वेळ झाली की बदलून टाकायचा. एवढी नजर ठेवायची कशाला?

अणुशक्तीनगर_निवृत्त

धागाकर्ती, तुला तू म्हणतो, माझ्या धाकट्या भाचीपेक्षा लहानच असशील. नोकरीची सगळी वर्षं सिलिकॉनच्या चकत्यांवर सुया टेकवून करंट वाचण्यात गेली, तेव्हा या धाग्यावर गप्प बसणं काही जमणार नाही. लांबण लागेल, चहा घेऊन बस.

आधी तिसरा प्रश्न, कारण बाकी सगळं त्यातूनच निघतं. तुझं मोजमाप चुकलेलं नाही. उलट्या बायसमधल्या सिलिकॉनचा करंट तापमानाच्या वर्गाच्या पटीत आणि वर एका घातांकी पदाच्या पटीत वाढतो. त्या पदात जी ऊर्जा बसते ती १.२१ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरतात, भागिले दोन केटी (के म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक, टी म्हणजे केल्विनमधलं तापमान). तुझे २६ आणि ३२ अंश त्यात घाल, केल्विनमध्ये, म्हणजे २९९ आणि ३०५. गुणोत्तर १.६५ येतं. २.१ गुणिले १.६५ म्हणजे ३.५ च्या जरा आत. तू मोजलेस ३.६. वाढत्या उकाड्यात, साध्या मीटरवर, याहून जवळ कोण जाणार? उरलेला फरक डब्याच्या फटीतला उजेड असेल नाहीतर डायोडच्या पायांवरचा दमटपणा. मॅडमना हेच आधी दाखव.

माझं एकच सांगणं आहे आणि ते मी हाताखाली आलेल्या प्रत्येक पोराला सांगत आलो. लीकेज करंटचा आकडा एकटा वहीत लिहायचा नाही. शेजारी तापमान हवं, बायस हवा, आणि तो डायोड आजवर किती अंशांवर किती वेळ पडून होता याची नोंद हवी. पेशंटच्या पायाशी टांगलेल्या तक्त्यावर नुसतं "नाडी ९०" लिहून डॉक्टरला काय कळणार? किती वाजता, ताप किती, औषध कधी दिलं, हे सोबत नको? मोठ्या प्रयोगांत नजर ठेवणं म्हणजे मुळात हा तक्ता न चुकता भरत राहणं.

आता डॅमेज म्हणजे काय ते. न्यूट्रॉन, प्रोटॉन, पायॉन असं काही सिलिकॉनच्या जाळीतून जाताना एखाद्या अणूला टोला मारतं. सुमारे २५ इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळाले की अणू जागा सोडतो. मागे मोकळी जागा राहते आणि सुटलेला अणू भलत्याच ठिकाणी जाऊन अडकतो. टोला जोराचा असेल तर सुटलेला अणू वाटेत आणखी शेकडोंना उखडतो आणि दोषांचा पुंजका तयार होतो. या दोषांमुळे बँडगॅपच्या, म्हणजे मोकळं व्हायला इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणाऱ्या ऊर्जेच्या दरीच्या, मधोमध पायऱ्या तयार होतात आणि त्यांवर पाय ठेवून इलेक्ट्रॉन उष्णतेच्या जोरावर आपोआप वर चढतात. तोच तुझा लीकेज करंट. वेगवेगळ्या कणांचे टोले एकाच मापात बसवायचे म्हणून सगळं "१ एमईव्ही न्यूट्रॉनच्या बरोबरीचं" करून सांगतात. दर चौरस सेंटिमीटरमागे असे किती कण गेले, तो फ्लुएन्स.

आता गंमत बघ. करंटमधली वाढ = अल्फा गुणिले फ्लुएन्स गुणिले सिलिकॉनचं आकारमान. अल्फा म्हणजे सुमारे ४ गुणिले १० चा उणे १७ वा घात, अँपिअर दर सेंटिमीटर, २० अंशांवर मोजलेला आणि डायोड आधी ६० अंशांवर ८० मिनिटं ठेवलेला असताना. सिलिकॉन कुठल्या कंपनीचं, एन की पी, ऑक्सिजन घातलेलं की नाही, याचा अल्फावर जवळजवळ काही परिणाम नाही. म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर असं, की आतापर्यंत किती मार बसला ते करंट सांगतो. डिप्लिशन व्होल्टेज सांगतं की एवढ्या मारानंतर डिटेक्टर कामाला उभा राहील की नाही. एकाला खरं नि दुसऱ्याला खोटं ठरवायचं कारण नाही, दोघं वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. डिप्लिशन व्होल्टेज मात्र सिलिकॉनच्या जातीवर फार अवलंबून असतं. एका चकतीचा अनुभव दुसरीला लावता येत नाही.

एक आकडा हाताने काढून बघ. सीएमएस या एलएचसीवरच्या मोठ्या प्रयोगाच्या प्रीशॉवर डिटेक्टरमधल्या हजाराच्या घरातल्या चकत्या भारतातून गेल्या. बीएआरसीचं डिझाइन आणि बंगळुरूच्या बीईएलमध्ये उत्पादन. चकती सहा सेंटिमीटरहून जरा मोठी, चौकोनी, ३२० मायक्रॉन जाड, ३२ पट्ट्या. कामाचं आकारमान सुमारे १.२ घन सेंटिमीटर. तिच्यावर १० च्या १४ व्या घाताएवढा फ्लुएन्स पडला असं धर. करंट ४.८ मिलिअँपिअर, २० अंशांवर. ३०० व्होल्ट लावले तर त्या नखाएवढ्या जाडीच्या पत्र्यातच जवळपास दीड वॉट उष्णता. तीच चकती उणे २० वर ने. करंट साठाव्या हिश्शाच्या आसपास येतो, ८० मायक्रोअँपिअर, आणि उष्णता ०.०२४ वॉट. थंड ठेवण्याचं पहिलं कारण हे. थंड नाही ठेवलं तर करंटने चकती तापते, तापली की करंट वाढतो, वाढला की आणखी तापते, आणि एका टप्प्यानंतर कूलिंग हात टेकतं. याला थर्मल रनअवे म्हणतात.

दुसरं कारण तुझ्या दुसऱ्या प्रश्नात आहे, "शेकायला नको का?" शेकल्यावर करंट उतरतो, आणि उतरतच राहतो, वर येत नाही. इथवर तुझं बरोबर. पण डिप्लिशन व्होल्टेजचं तसं नाही. ते आधी थोडं उतरतं आणि मग वर चढायला लागतं, अगदी सुरुवातीपेक्षाही वर. पहिल्याला बेनिफिशियल अ‍ॅनीलिंग म्हणतात, दुसऱ्याला रिव्हर्स. ६० अंशांवर हा तळ साधारण ८० मिनिटांना येतो, म्हणून तो विचित्र आकडा सगळीकडे दिसतो. खोलीच्या तापमानाला त्यालाच दिवस नि आठवडे लागतात. शून्याखाली रिव्हर्स अ‍ॅनीलिंग जवळजवळ गोठतं. म्हणून डिटेक्टर वर्षभर थंड, अगदी बीम बंद असतानाही. दुरुस्तीसाठी गरम करावाच लागला तर किती अंश, किती तास, याची नोंद होते आणि ती पुढच्या हिशेबात जाते. थोडं शेकणं फायद्याचं, पण थांबायचं कुठे हे माहीत असेल तरच.

बोरिवलीकर, तुमचं उत्तर. बीमच्या सगळ्यात जवळचे पिक्सेल बदलतात. सीएमएसने २०१७ च्या सुरुवातीला अख्खा पिक्सेल डिटेक्टर नवा बसवला आणि त्याचा सगळ्यात आतला थर पुढच्या मोठ्या शटडाउनमध्ये पुन्हा बदलला. पण बाहेरचा स्ट्रिप ट्रॅकर म्हणजे २०० चौरस मीटर सिलिकॉन, १५ हजारांहून जास्त मॉड्यूल, ९० लाखांवर पट्ट्या. तो २००८ पासून तोच आहे. शर्ट बदलावा तसा बदलता येत नाही. कुठला भाग कधी कामातून जाणार, किती व्होल्टेज लागेल, पॉवर सप्लाय तेवढा देईल का, हे चार-पाच वर्षं आधी कळायला हवं.

बाकी जेवून लिहितो.

बोरिवली_स्लो

दंडवत घ्या. पीसीएमचे मास्तर असे असते तर आज बँकेत नसतो.

घाटकोपरची_फिजिक्सवाली

काका, ३.५ चा हिशेब आत्ता स्वतः करून पाहिला, आला! फटीतल्या उजेडाचा संशय खरा असू शकतो, डब्यातून वायर बाहेर काढलेल्या जागी भोक मोठं झालंय.

पण एक अडलं. लीकेज करंट पॉवर सप्लायवरून वाचता येतो हे कळलं. डिप्लिशन व्होल्टेज आम्ही सी-व्ही (कपॅसिटन्स विरुद्ध व्होल्टेज) करून काढतो, एक भागिले सी वर्ग विरुद्ध व्ही, मोड कुठे येतो ते बघतो. शंभर मीटर खाली बसलेल्या डिटेक्टरला एलसीआर मीटर कोण लावणार?

अणुशक्तीनगर_निवृत्त

नेमका प्रश्न. कुणीच लावत नाही. शिवाय मार खाल्लेल्या सिलिकॉनवर सी-व्हीचा मोडही फ्रिक्वेन्सी आणि तापमानाप्रमाणे सरकतो. आम्ही चकती थंड केली की फ्रिक्वेन्सीही खाली आणायचो, नाहीतर दोन प्रयोगशाळांचे आलेख एकमेकांशी जुळतच नसत.

आत बसलेल्या डिटेक्टरला मोजायला कणच वापरतात. बायस थोडा थोडा कमी-जास्त करायचा आणि जाणाऱ्या कणांनी सोडलेला चार्ज किती गोळा होतो ते बघायचं. ३०० मायक्रॉनमधून एक साधा वेगवान कण गेला की २२-२३ हजार इलेक्ट्रॉन-होल जोड्या सुटतात. पूर्ण डिप्लिशन असेल तर सगळ्या हाताशी येतात, नसेल तर कमी. चार्ज जिथे सपाट व्हायला लागतो, तो तुझा सी-व्हीचा मोड.

एलएचसीवरच्याच एलएचसीबी प्रयोगाच्या जुन्या व्हर्टेक्स लोकेटरने हे फार सुंदर केलं. त्याचं सिलिकॉन बीमपासून अवघ्या ८ मिलिमीटरवर सुरू व्हायचं. दर पाचव्या मॉड्यूलचा व्होल्टेज शून्यापासून १५० पर्यंत पायरीपायरीने बदलायचे आणि बाकीच्या मॉड्यूलनी कणाची वाट आखायची. ती वाट या मॉड्यूलला कुठे छेदेल हे आधीच ठाऊक, मग तिथे किती चार्ज आला ते बघायचं. झालं की पुढचा पाचवा. वर्षातून काही वेळा बीमचा थोडा वेळ यासाठी काढून ठेवत.

त्यातून दिसलं काय? बीमलगतच्या भागात डिप्लिशन व्होल्टेज आधी घसरत तळाला गेलं आणि मग चढायला लागलं. म्हणजे एन जातीचं सिलिकॉन पीसारखं वागू लागलं होतं. टाइप इन्व्हर्जन. हे अपेक्षितच होतं. पण त्याच स्कॅनमध्ये एक न अपेक्षिलेली गोष्टही सापडली. काही सेन्सरवर सिग्नल बाहेर नेणाऱ्या दुसऱ्या धातूच्या थराकडे चार्जचा काही भाग पळत होता, आणि मार कमी बसलेल्या बाहेरच्या पट्ट्यांजवळ हे जास्त दिसत होतं. नुसता करंट बघत बसले असते तर ही गोष्ट कधीच दिसली नसती. तुझ्या रिपोर्टात हे उदाहरण घाल. करंट आणि चार्ज दोन्ही का मोजायचे याला याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

रोजचं काम मात्र रटाळ आहे आणि मला तेच जास्त आवडतं. प्रत्येक पॉवर सप्लाय चॅनेलचा करंट दिवसरात्र नोंदला जातो. मॉड्यूलवरच्या थर्मिस्टरचं तापमान नोंदलं जातं. त्या दिवशी किती टकरी झाल्या ते नोंदलं जातं. कुठल्या कोपऱ्यात किती कण गेले असतील याचा अंदाज फ्लूका नावाच्या सिम्युलेशनमधून येतो. हे सगळं हॅम्बुर्ग मॉडेल नावाच्या डॅमेजच्या सूत्रांमध्ये घालून दिवसागणिक हिशेब करायचा: आज एवढा मार, एवढ्या अंशांवर एवढे तास, म्हणजे उद्या करंट इतका हवा. मग खरा करंट बघायचा. जुळला तर ठीक. एका बाजूला सगळीकडे सारखाच फरक दिसला तर सिम्युलेशनवर संशय घ्यायचा. एकाच मॉड्यूलचा करंट शेजाऱ्यांपेक्षा वर असेल तर बहुतेक वेळा ते मॉड्यूल जास्त तापलेलं असतं, कूलिंग नीट लागत नसतं. सीएमएसच्या ट्रॅकरमध्ये काही कूलिंग लूप बंद करावे लागले होते. तिथली मॉड्यूल आलेखात लगेच वेगळी दिसतात.

याखेरीज डिटेक्टरच्या आसपास छोटे पहारेकरीही बसवतात. रॅडफेट म्हणजे मुद्दाम जाड ऑक्साइड ठेवलेला ट्रान्झिस्टर, त्यावर आयनायझिंग डोस कळतो. आणि पिन डायोड, त्यावर टोल्यांचं डॅमेज कळतं. आता खुर्चीला नीट टेकून बस. एलएचसीच्या बोगद्यात आणि प्रयोगांत या कामाला जो डायोड सर्रास वापरतात तो तू लॅमिंग्टन रोडवरून आणलायस. बीपीडब्ल्यू३४, बहुधा त्याचा काळ्या फिल्टरचा भाऊ.

तिथे त्याला उलटा बायस देतच नाहीत. सुलट्या दिशेने १ मिलिअँपिअरचा छोटा पल्स देतात आणि व्होल्टेज वाचतात. फ्लुएन्सबरोबर ते चढत जातं. फक्त १० च्या १२ व्या घाताच्या खाली तो ढिम्म असतो, म्हणून काही जण बसवण्याआधीच त्याला थोडे न्यूट्रॉन चारून घेतात.

लॅमिंग्टनचा_सोल्डर

काका एक नंबर. फिजिक्स मला झेपत नाही पण नॅनोअँपिअर मोजणं हा माझा रोजचा धंदा आहे. ताई, तुमच्याकडे पिकोअमीटर नसणार, लॅबमध्ये असला तरी सरांच्या कपाटात कुलपात असणार. त्यामुळे देशी जुगाड ऐका.

चांगल्या डिजिटल मल्टिमीटरचा व्होल्ट मोजताना इनपुट रेझिस्टन्स १० मेगओहम असतो. डायोड, बॅटरी आणि मीटर सिरीजमध्ये लावा, मीटर मिलिव्होल्टवर ठेवा. १ नॅनोअँपिअर म्हणजे १० मिलिव्होल्ट. ०.१ मिलिव्होल्ट वाचणारा मीटर असेल तर १० पिकोअँपिअरपर्यंत दिसेल. आधी दुसऱ्या मीटरने याचा रेझिस्टन्स मोजून घ्या, स्वस्तातल्या मीटरला १ मेगच असतो आणि काही चांगले मीटर मिलिव्होल्टच्या रेंजवर वेगळंच वागतात.

बायसला ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या, २७ व्होल्ट झाले. अ‍ॅडॉप्टर नको, त्याचा ५० हर्ट्झ गुणगुणतो. डायोडची मर्यादा ६० व्होल्ट आहे त्यामुळे काळजी नाही.

मुख्य शत्रू मुंबईची हवा. व्हेरोबोर्डवर सोल्डर केलात तर जुलैमध्ये तुम्ही डायोडचा नाही, बोर्डचा करंट मोजाल. पाय हवेत ठेवा, टेफ्लॉनची वायर घ्या, फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नंतर डायोडला बोट लावू नका. पत्र्याचा बिस्किटाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, डबा बॅटरीच्या निगेटिव्हला. वायरच्या भोकाला काळी चिकटपट्टी पुरत नाही, इन्फ्रारेड आरपार जाऊ शकतो आणि हा डायोड इन्फ्रारेडलाच जास्त भुकेला. आतून अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावा. तापमानाला डीएस१८बी२० डायोडला चिकटवून बसवा. डब्याच्या भिंतीला नाही, डायोडला.

अणुशक्तीनगर_निवृत्त

सोल्डरभाऊंचा शब्द न् शब्द खरा. दमटपणावर एक भर घालतो. पावसाळ्यात २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २४ अंशांच्या वर असतो. म्हणजे डायोड २० अंशांपर्यंत जरी थंड केलास तरी त्यावर पाणी सुटलं. थंड करून मोजायचं असेल तर डब्यात कोरडा नायट्रोजन सोडावा लागेल. हे दुखणं फक्त आपलंच आहे असं समजू नकोस. सीएमएसचा स्ट्रिप ट्रॅकर पहिल्या सत्रात अधिक ४ अंशांवर चालवला. पहिल्या लाँग शटडाउनमध्ये त्याभोवतीचं सील आणि कोरड्या हवेची सोय सुधारली तेव्हा कुठे उणे १५ वर नेता आला, आणि २०१८ मध्ये उणे २०. जगातल्या सगळ्यात मोठ्या सिलिकॉन ट्रॅकरलाही घाम फुटायची धास्ती.

आता चौथा प्रश्न. कॉलेजमध्ये कोबाल्टचा गॅमा चेंबर असेल तर त्याचा मोह सोड. गॅमा मुख्यतः पृष्ठभागावरच्या ऑक्साइडमध्ये चार्ज साठवतात, जाळीतले अणू फारसे उखडत नाहीत. तुला करंट वाढलेला दिसेल, पण तो भलत्याच कारणाने. तुझा विषय टोल्यांचा आहे, न्यूट्रॉन किंवा प्रोटॉनच हवेत.

अमेरिशियम-बेरिलियमचा हिशेब मांडू. १ क्युरीच्या सोर्समधून सेकंदाला ढोबळ २० लाख न्यूट्रॉन निघतात. डायोड २ सेंटिमीटरवर ठेवलास तर दर चौरस सेंटिमीटरला सेकंदाला ४० हजार. १० च्या ११ व्या घातापर्यंत जायला महिना. आता डायोडची बाजू बघ. क्षेत्रफळ ७.५ चौरस मिलिमीटर. ३ व्होल्टला कपॅसिटन्स २५ पिकोफॅरडच्या आसपास, म्हणजे डिप्लिशनची खोली जेमतेम ३० मायक्रॉन. २७ व्होल्टला हिशेबाला १०० मायक्रॉन धर, खरी खोली स्वतः कपॅसिटन्स मोजून काढ. तर १० च्या ११ व्या घाताला करंट वाढणार ३ नॅनोअँपिअर. म्हणजे २ चे ५ होतील. सोल्डरभाऊंच्या जुगाडावर हे सहज दिसेल. पण १ क्युरीचा सोर्स कॉलेजात मिळणं कठीण, असतो तो बहुधा याहून बराच लहान. दहावा हिस्सा असेल तर वर्ष जवळपास संपलं, आणि तेवढ्या काळात खोलीच्या तापमानाला अ‍ॅनीलिंगही चालूच. शिवाय रेडिएशन सेफ्टी ऑफिसरच्या सहीशिवाय सोर्सजवळ एक वायरही न्यायची नाही. हे मी गमतीने म्हणत नाही.

१० चा १२ वा घात मिळाला तर ३० नॅनोअँपिअर, मग डोळे झाकून दिसेल. तेवढ्यासाठी रिअ‍ॅक्टर किंवा अ‍ॅक्सिलरेटर. ट्रॉम्ब्याला अप्सरा-यू रिअॅक्टर आहे, २ मेगावॉट, सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाला. कुलाब्याला टीआयएफआरच्या आवारात पेलेट्रॉन हा अॅक्सिलरेटर आहे. विद्यापीठातल्या लोकांना अशा ठिकाणी पोचायला यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमचं मुंबई केंद्र आहे. अर्ज विद्यार्थ्याने करायचा नसतो, मॅडमनी करायचा. एका सेमिस्टरमध्ये बीम-टाइम मिळून डायोड परत हातात येईल असं धरून चालू नकोस. रेडिओअ‍ॅक्टिव्ह झालेला डायोड, त्याच्या धातूच्या पायांसकट, किरणोत्सर्ग उतरायची वाट बघत पडून राहतो.

घाटकोपरची_फिजिक्सवाली

काका, मग प्रोजेक्ट मार्चमध्ये सबमिट करायचा तर रेडिएशनशिवायच करायचा का? मॅडम म्हणतील यात डॅमेज कुठे आहे.

अणुशक्तीनगर_निवृत्त

मॅडमना सांग की डॅमेज मोजायच्या आधी मोजायचं हत्यार पारखून घेतेय. यात प्रोजेक्टचं भरपूर सामान आहे. न मारलेल्या डायोडचा करंट २० ते ४५ अंशांपर्यंत मोज, टी वर्गाने भाग, लॉग घे, एक भागिले टी विरुद्ध काढ. उतारातून ऊर्जा काढ आणि १.२१ शी ताडून बघ. मारलेल्या सिलिकॉनला १.२१ चांगलं लागतं. कोऱ्या डायोडला थोडं वेगळं आलं तर घाबरू नकोस, का आलं त्यावर दोन पानं लिही. दोन-तीन बायसवर कर म्हणजे पृष्ठभागाचा करंट कुठे घुसतोय ते कळेल. कपॅसिटन्सवरून खोली काढ. मग शेवटच्या प्रकरणात दाखव की या मांडणीला किमान किती फ्लुएन्स दिसू शकेल. तो आकडा तुझा स्वतःचा असेल, कुठल्या पेपरातून उचललेला नाही.

दरम्यान अर्ज जाऊ दे. मंजूर झाला तर पुढच्या बॅचचं कुणीतरी तुझीच मांडणी वापरेल. टीआयएफआरमध्ये सध्या सीएमएसच्या नव्या कॅलरीमीटरची सिलिकॉन मॉड्यूल जोडायचं काम आहे. ८ इंची चकत्या, १२०, २०० आणि ३०० मायक्रॉन जाडीच्या. जिथे मार जास्त तिथे पातळ. या डिटेक्टरच्या सगळ्यात आतल्या भागाला १० च्या १६ व्या घातापर्यंत फ्लुएन्स सोसायचा आहे आणि सगळा डिटेक्टर उणे ३० च्या आसपास ठेवणार आहेत. एवढ्या माराला डिप्लिशन व्होल्टेजलाही फारसा अर्थ उरत नाही, सुटलेला चार्ज वाटेतच दोषांत अडकतो, म्हणून थेट गोळा झालेला चार्जच बघायचा. मॅडमच्या ओळखीने तिथलं आयव्ही (करंट विरुद्ध व्होल्टेज) मोजणीचं टेबल बघायला मिळालं तर सोडू नकोस. शेकडो करंट रांगेने मोजताना माणसं तापमान नि आर्द्रता कशी लिहितात ते बघ.

लॅमिंग्टनचा_सोल्डर

ताई, डायोड घेताना एकाच पट्टीतले, एकाच लॉट नंबरचे दहा घ्या. सुटे डब्यातले घेतलेत तर निम्मे भलत्याच मेकचे निघतील, हल्ली त्या नावाने काहीही विकतात. सगळ्यांचा डार्क करंट आधी मोजा, जास्त वाला बाजूला काढा. तीन जण कोरेच ठेवा, कधी रेडिएशन मिळालंच तर तुलनेला लागतील. आणि प्रत्येकाच्या पायाला नंबराची चिठ्ठी बांधा, मार्करने लिहिलेलं अल्कोहोलने पुसलं जातं.

घाटकोपरची_फिजिक्सवाली

दहा घेते. शनिवारी क्लास सुटला की ग्रँट रोडला उतरते. सोल्डरदादा, टेफ्लॉन वायर मीटरवर मिळते की अख्खं बंडल घ्यावं लागतं?

लॅमिंग्टनचा_सोल्डर

मीटरवर मिळते. दोन मीटर पुष्कळ. दुकानं साडेसातला शटर ओढतात, त्याआधी या.